श्वान वसतिगृह

श्वान वसतिगृह म्हणजे मालकाच्या अनुपस्थितीत पाळीव कुत्र्यास मोबदला घेऊन सांभाळण्याची, खाऊ घालण्याची व मुक्कामी ठेवण्याची व्यवस्था होय. कुत्रे सकाळी सोडून सायंकाळी परत नेले जात असल्यास त्या व्यवस्थेला श्वान पाळणाघर किंवा ‘डॉग डे केअर’ म्हणतात. एक वा अधिक रात्रींच्या मुक्कामासाठी ‘बोर्डिंग’ किंवा ‘डॉग हॉस्टेल’ हे शब्द रूढ आहेत. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरांत हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थिरावला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे स्वरूप अद्याप घरगुती आहे. या लेखातील वर्णन मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे, कारण महानगरांसाठी लिहिलेल्या सूचना येथील उन्हाळ्याला, पाणीटंचाईला आणि कारवानी जातीच्या कुत्र्याच्या स्वभावाला पुऱ्या पडत नाहीत.

नाव

मराठीत लहान मुलांच्या सांभाळगृहाला ‘पाळणाघर’ हा शब्द पूर्वीपासून आहे आणि तोच कुत्र्यांच्या बाबतीतही वापरला जातो. ‘वसतिगृह’ हा शब्द त्यामानाने भारदस्त. पाट्यांवर बहुधा ‘हॉस्टेल’ असेच लिहिलेले असते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या खोल्या, मेस आणि वसतिगृहे यांनी गजबजलेल्या लातुरात कुत्र्यांच्या हॉस्टेलची कल्पना ऐकून प्रथम हसू येते. परंतु तुलना अगदीच अस्थानी नाही. जेवण कसे आहे, रात्री लक्ष कोण ठेवते, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण नेते, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच विचारावे लागतात. विद्यार्थी मात्र घरी दूरध्वनी करून गाऱ्हाणे सांगू शकतो. कुत्र्याला ती सोय नसल्याने मालकाने सर्व चौकशी आधीच करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मराठवाड्याच्या खेड्यांत कुत्रे सांभाळायला देण्याचा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवत नसे. कुत्रे वाड्याच्या ओसरीवर किंवा शेतातील आखाड्यावर असे. मालक गावाला गेला तरी सालगडी, भाऊबंद किंवा शेजारी त्याला भाकरी टाकत. धनगरांची कुत्री मेंढरांबरोबरच फिरत. ही व्यवस्था विनामोबदला होती आणि तिला नावही नव्हते.

शहरातील सदनिकेत राहणाऱ्या छोट्या कुटुंबाने कुत्रे पाळले, की ही व्यवस्था तुटते. नांदेड व लातूर येथील अनेक घरांतील मुले शिक्षण-नोकरीनिमित्त पुणे, हैदराबाद किंवा बंगळूर येथे असतात. त्यांनी हौसेने आणलेला लॅब्रॅडॉर किंवा पग वृद्ध आईवडिलांकडे राहतो आणि आईवडिलांना मुलांकडे जायचे झाले, की कुत्र्याचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. सोबत नेण्याचा मार्गही सोपा नाही. भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार कुत्र्यास प्रवाशाबरोबर केवळ पहिल्या वर्गाच्या डब्यात, तेही संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित असल्यास नेता येते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. शयनयान, वातानुकूलित द्वितीय व तृतीय श्रेणी येथे त्याला प्रवेश नाही. मे महिन्यात लोखंडी पेटीतून रात्रभराचा प्रवास घडवण्यापेक्षा कुत्रे गावातच ठेवणे बरे, असा निर्णय बहुतेक मालक घेतात व तो योग्यच असतो.

दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि लग्नसराई या काळात मागणी सर्वाधिक असते. याच काळात जागेपेक्षा अधिक कुत्री घेण्याचा मोहही सर्वाधिक असतो.

प्रकार

जिल्ह्याच्या ठिकाणी साधारणतः तीन प्रकारच्या व्यवस्था आढळतात. पहिली पशुवैद्यकाच्या दवाखान्याला जोडलेल्या पिंजऱ्यांची. येथे वैद्यकीय मदत जवळ असते, परंतु आजारी कुत्रीही त्याच छताखाली येतात आणि हिंडायला जागा कमी असते. दुसरी एखाद्या श्वानप्रेमीच्या किंवा प्रशिक्षकाच्या राहत्या घरातील. माणसांच्या सहवासात वाढलेल्या, विशेषतः वृद्ध कुत्र्यास हीच सर्वांत मानवते. मात्र एकावेळी किती कुत्री घेतली जातात, यावर सर्व काही अवलंबून असते. तिसरी शहराबाहेरच्या शेतातील शेड व कुंपण असलेल्या जागेची. मोकळीक भरपूर, पण ऊन, साप, गोचीड आणि कुंपणाबाहेरची भटकी कुत्री यांचा उपद्रवही तेथेच अधिक.

प्रवेशापूर्वी

जबाबदार वसतिगृह प्रवेश देण्यापूर्वी कुत्र्याच्या लसीकरणाचे पुस्तक मागते. जे मागत नाही, तेथे कुत्रे ठेवू नये. कारण आपल्याकडे पुस्तक मागितले गेले नाही, याचा अर्थ शेजारच्या पिंजऱ्यातील कुत्र्याकडेही मागितले गेलेले नाही.

रेबीजविरोधी लस साधारणतः पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. डिस्टेंपर, पार्व्हो, संसर्गजन्य कावीळ व लेप्टोस्पायरोसिस यांवरील संयुक्त लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा दिली जाते आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिची उजळणी होते. लस टोचताच संरक्षण मिळत नाही. प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी लस टोचून कुत्रे वसतिगृहात सोडणे हे लसीकरण न करण्यासारखेच आहे. ‘केनेल कफ’ नावाचा सांसर्गिक खोकला तर अनेक कुत्री एकत्र ठेवल्यानेच पसरतो, हे त्याच्या नावावरूनच कळते. त्यावरील लस नेहमीच्या संयुक्त लसीत बहुधा नसते, ती वेगळी मागून घ्यावी लागते. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लास वसतिगृहात ठेवणे धोक्याचे आहे. पार्व्होचा विषाणू सावलीतील मातीत कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने तो नष्ट होईल याची खात्री नसते. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण लागते. फरशी कशाने पुसता, हा प्रश्न म्हणून क्षुल्लक नाही.

मालकाकडूनही प्रामाणिक माहितीची अपेक्षा असते. कुत्रे पूर्वी कोणाला चावले आहे काय, फटाक्यांना किंवा काठीला घाबरते काय, अन्नाजवळ हात नेल्यास गुरगुरते काय, फीट येते काय, कोणते औषध चालू आहे, हे सारे सांगणे आवश्यक आहे. मादी माजावर येण्याची वेळ जवळ असल्यास तेही सांगावे. माद्या साधारणतः सहा महिन्यांनी माजावर येतात व गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. वसतिगृहातील हलगर्जीपणाचे फळ त्यामुळे मालकाच्या लक्षात दोन महिन्यांनी येते.

थेट आठ दिवसांच्या मुक्कामाला सोडण्यापूर्वी एक दिवस पाळणाघरात आणि त्यानंतर एक रात्र मुक्कामास ठेवून पाहणे, ही या क्षेत्रातील चांगली प्रथा आहे. मालकाने जागा स्वतः पाहावी. केवळ दर्शनी खोली दाखवून ‘आत कुत्री बिचकतात’ असे सांगितले जात असेल, तर दुसऱ्या वेळी, आतली कुत्री बाहेर काढलेली असताना, दाखवण्याची विनंती करावी. तीही नाकारली गेल्यास पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. आत गेल्यावर नाक हेच उत्तम साधन ठरते. कुत्र्यांचा वास असणारच. मूत्राचा उग्र दर्प येत असेल, तर तो सकाळपासून न धुतलेल्या फरशीचा असतो.

पाळणाघरातील दिवस

चांगल्या पाळणाघरात कुत्री आकार व स्वभाव पाहून गटागटाने मोकळी सोडली जातात, गटाजवळ सतत एक माणूस असतो आणि दुपारी सक्तीची विश्रांती असते. दिवसभर खेळणारे कुत्रे आनंदी असते, हा समज पूर्णांशाने खरा नाही. प्रौढ कुत्रे दिवसाचा मोठा भाग झोपण्यात घालवते आणि विश्रांती न मिळाल्यास चिडचिडे होते. सर्वच कुत्र्यांना पाळणाघर मानवत नाही. कोपऱ्यात बसून राहणे, शेपूट पोटाशी घेणे, सतत दाराकडे पाहणे, धाप लागणे ही भेदरल्याची लक्षणे तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतरही कायम राहिल्यास कुत्रे घरी ठेवून दुपारी कोणीतरी येऊन फिरवून आणण्याची सोय करणे अधिक हितकर होय.

आहार घरचाच असावा. बहुतेक वसतिगृहे तयार कोरडे खाद्य देतात. ज्वारीची भाकरी, दूध, अंडे यांवर वाढलेल्या कुत्र्याला ते एकाएकी दिल्यास जुलाब होतात. मालकाने मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांचे अधिक खाद्य मापून द्यावे किंवा आठवडाभर आधीपासून घरीच नव्या खाद्याची सवय लावावी. कांदा-लसूण घातलेले कालवण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे देऊ नयेत, असे लिहून द्यावे. शिळ्या आमटीत कुस्करलेली भाकरी हा आपल्याकडचा दयाळूपणाचा प्रकार आहे, परंतु तीतील कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतो.

रात्र

श्वान वसतिगृहाची खरी परीक्षा रात्री होते. दिवसा मालक येऊ शकतो, छायाचित्रे पाठवली जातात, माणसांची ये-जा असते. रात्री नऊ ते सकाळी सहा या काळात जागेवर कोण असते, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असून तो विचारण्यास अनेक जण संकोचतात. कॅमेरा म्हणजे माणूस नव्हे. कॅमेऱ्यात दिसलेली उलटी सकाळीच पाहिली जाणार असेल, तर तिचा उपयोग केवळ पुरावा म्हणून होतो. रखवालदार झोपतो कोठे, त्याला कुत्र्यांचा आवाज ऐकू येतो काय, त्याच्याकडे पशुवैद्यकाचा क्रमांक व वाहन आहे काय, हे नेमकेपणाने विचारावे.

पहिल्या रात्री बहुतेक कुत्री कमी खातात वा अजिबात खात नाहीत. भुंकतात, रडतात, दाराशी बसून राहतात. निरोगी प्रौढ कुत्र्याने २४ तास अन्न नाकारणे चिंतेचे नाही. पिल्लू, वृद्ध किंवा मधुमेही कुत्र्याच्या बाबतीत मात्र इतके थांबता येत नाही. पाणीही न पिणे, वारंवार उलट्या, रक्तमिश्रित शौच, दिवसभर लघवी न होणे, पोट फुगून अस्वस्थ होणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता उपचार सुरू व्हावे लागतात. मालकाच्या अंगाचा वास असलेली, न धुतलेली जुनी चादर किंवा सदरा सोबत दिल्यास कुत्रे लवकर स्थिरावते. नवी गादी विकत घेऊन देण्यापेक्षा ही फाटकी चादर अधिक उपयोगी पडते, हे ठेवणारा माणूस जाणता असल्यास स्वतःच सांगतो.

वेगवेगळ्या घरांतील कुत्री रात्री एकाच खोलीत कोंडू नयेत. दिवसा गुण्यागोविंदाने खेळलेली कुत्रीही अंधारात अन्नाच्या भांड्यावरून भांडतात आणि ती सोडवायला कोणी नसते.

शेतातील वसतिगृहात सापांचा धोका गृहीत धरावा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. कुत्रे साप पाहून पळत नाही, उलट त्याच्यावर धावून जाते, त्यामुळे दंश बहुधा तोंडावर वा पुढच्या पायांवर होतो. माणसांसाठी वापरली जाणारी बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक लसच कुत्र्यांनाही उपयोगी पडते, परंतु ती वेळेत मिळावी लागते. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि शेजारच्या परभणी येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गुंतागुंतीच्या आजारात त्यांचा आधार मोठा असला, तरी मध्यरात्रीच्या सर्पदंशात ते अंतर दूरचे ठरते. म्हणून रात्री फोन उचलणारा जवळचा पशुवैद्यक कोणता, हे आधी ठरलेले असावे आणि खर्चाची मर्यादा मालकाने लेखी कळवलेली असावी.

दिवाळीचे फटाके आणि वरातीतील ध्वनिक्षेपक यांमुळे बिथरलेली कुत्री कुंपणावरून उडी मारून पळतात. गळ्यातील पट्ट्यावर वसतिगृहाचा नव्हे तर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. शरीरात बसवलेली ओळखचिप असल्यास उत्तम.

उन्हाळा, पाणी आणि गोचीड

नांदेड व लातूर येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो; नांदेडचा उन्हाळा लातूरपेक्षा अधिक कडक असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश असते. ते ४१ अंशांपुढे गेल्यास जिवास धोका निर्माण होतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका सर्वाधिक. पत्र्याची शेड मराठवाड्यात सर्वत्र दिसते. दुपारी त्या शेडमध्ये माणूस दहा मिनिटे उभा राहू शकत नसेल, तर तेथे कुत्रे ठेवता येत नाही, ही साधी कसोटी पुरेशी आहे. कूलर असल्यास खिडकी उघडी हवी, अन्यथा दमटपणाच वाढतो. शिवाय वीज गेल्यावर काय करता, हे विचारलेच पाहिजे. उष्माघात झालेल्या कुत्र्यावर बर्फ ओतू नये. साधे गार पाणी अंगावर घालत, वारा देत दवाखान्यात न्यावे.

पाण्याचा प्रश्न येथे शब्दशः जिवाचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला १.५ ते १.८ लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून बरेच अधिक. हे पाणी कोणीही देऊ शकतो. टंचाईत प्रथम कमी होते ते फरशा व भांडी धुण्याचे पाणी, आणि रोगराई तेथूनच सुरू होते. वसतिगृहाकडे स्वतःची विंधन विहीर आहे की टँकर येतो, साठवण किती दिवसांची आहे, ही चौकशी पुण्याच्या मालकाला करावी लागत नसेल, लातूरच्या मालकाला करावी लागते.

तिसरा स्थानिक शत्रू म्हणजे गोचीड. तपकिरी रंगाची कुत्र्यांवरील गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालते आणि एकेक मादी हजारोंनी अंडी देते. तिच्यामुळे एर्लिकियोसिस व बॅबेसिओसिस हे ताप होतात. त्यांत कुत्रे सुस्त होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. प्रवेशापूर्वी गोचीडनाशक औषध दिलेले असावे. वसतिगृहातील भिंती गिलावा केलेल्या व भेगांविना आहेत की दगडमातीच्या, हेही पाहावे. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. तो माणसालाही होतो, म्हणून धान्याच्या पोत्यांशेजारी कुत्री ठेवणारी जागा टाळावी.

कारवानी व पश्मी कुत्री

ज्याला इंग्रजीत ‘कॅरवॅन हाउंड’ म्हणतात ते कारवानी कुत्रे व त्याचा लांब केसांचा प्रकार पश्मी ही मराठवाड्याची ओळख मानली जाते. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव त्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. व्यापारी तांड्यांबरोबर ही कुत्री मध्य व पश्चिम आशियातून दख्खनमध्ये आली, अशी परंपरागत समजूत असून नावातील ‘कारवान’ तेच सुचवते. कर्नाटकातील मुधोळ येथील हाउंड याच कुळातला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरवॅन हाउंड’ या नावाने, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब ‘मुधोळ हाउंड’ या नावाने करतो. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश होता.

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोडे व अन्य जनावरांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या सोबत कुत्रे असतेच, आणि याच जिल्ह्यातील माहूरच्या दत्तात्रेयांच्या पायाशीही कुत्री दिसतात. तरीही मराठी बोलीत ‘कुत्रा’ ही शिवी राहिली, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

हे कुत्रे सांभाळणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. ते नजरेने शिकार हेरून वेगाने धावणारे शिकारी कुत्रे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकार बेकायदेशीर ठरली, पण धावण्याची ओढ गेली नाही. ससा, मांजर किंवा शेळीचे करडू दिसताच ते हाकेला ओ देत नाही. म्हणून पट्ट्याशिवाय उघड्या शेतात सोडू नये. लॅब्रॅडॉरला पुरणारे चार फुटी कुंपण ते सहज ओलांडते. त्याला अनोळखी व्यक्तीचा स्पर्श रुचत नाही. पहिल्याच दिवशी लाडाने डोक्यावर हात ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला ते चावले, तर दोष कुत्र्याचा मानता येणार नाही. मालकाने एक-दोनदा स्वतः येऊन त्याच कर्मचाऱ्याच्या हातून खाऊ द्यावा, मगच कुत्रे सोडून जावे. त्याची कातडी पातळ व अंगात चरबी कमी असल्याने काटेरी तारेने खोल जखमा होतात आणि हिवाळ्यात उघड्या फरशीवर ते कुडकुडते. बरगड्या दिसणे हे त्याचे स्वाभाविक रूप आहे. उपाशी समजून त्याला भरमसाट खाऊ घालू नये. अशा कुत्र्यांच्या जातीला काही भूल देणारी औषधे अधिक तीव्रतेने लागू पडतात, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास पशुवैद्यकास जात आवर्जून सांगावी.

कायदेशीर स्थिती

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम वसतिगृहालाही लागू होतो. त्याच्या कलम ११ नुसार हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे गुन्हे आहेत. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे, याचा तर या कलमात स्वतंत्र उल्लेख आहे. प्राण्यास भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणेही गुन्हाच. वसतिगृहात कुत्रे ठेवून परत न येणाऱ्या मालकांनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच आहे. कायद्याचा धाक म्हणून या रकमेचा फारसा उपयोग नाही. प्राण्यास ठार मारणे, विष घालणे वा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०१७ च्या श्वान पैदास व विक्रीविषयक नियमांत ‘पैदासकार’ या संज्ञेत वसतिगृह चालवणाऱ्याचाही समावेश केलेला असून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी अपेक्षित आहे. नोंदणी प्रमाणपत्र दाखवण्याची मागणी करण्यात मालकाने भीड बाळगू नये.

व्यवहारात मालकाला खरा आधार मिळतो तो जुन्या भारतीय करार अधिनियमाचा (१८७२). सांभाळण्यासाठी सोपवलेल्या वस्तूविषयीच्या, म्हणजे निक्षेपाविषयीच्या, त्यातील तरतुदी कुत्र्यालाही लागू पडतात. कलम १५१ नुसार सांभाळणाऱ्याने सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. कलम १५० मालकाला बांधते: ठाऊक असलेला धोकादायक दोष त्याने सांगितला पाहिजे. तेथे दिलेले उदाहरण खोडकर घोड्याचे आहे. घोडा द्वाड आहे हे न सांगता तो दिला आणि स्वार पडून जखमी झाला, तर देणारा जबाबदार. चावऱ्या कुत्र्याला हे उदाहरण तंतोतंत लागू होते. कलम १६३ मध्ये सांभाळायला दिलेल्या गाईला वासरू झाल्यास गाईबरोबर वासरूही परत करावे, असे सांगितले आहे. वसतिगृहात मादी व्याल्यास पिल्ले कोणाची, या वादाचे उत्तर त्यात मिळते. वाद न मिटल्यास सशुल्क सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. या सर्वांसाठी लेखी करार, पावती आणि कुत्रे सोपवताना काढलेली छायाचित्रे लागतात. ‘सर्व जबाबदारी मालकाची’ अशा छापील ओळीवर घाईने सही करू नये. ती खोडून ‘आकस्मिक आजाराखेरीज’ अशी दुरुस्ती सुचवता येते. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे आपल्याकडे अविश्वासाचे समजले जाते. प्रत्यक्षात कागद असला की ओळख टिकते.

तुलनेसाठी इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे १९६३ पासून प्राण्यांच्या वसतिगृहांना परवाना लागत असे. २०१८ च्या नव्या नियमांनी दिवसाची पाळणाघरेही परवान्याखाली आली आणि परवान्याबरोबर एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. तेथे कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेचे किमान क्षेत्रफळ १.९ चौरस मीटर ठरवलेले आहे, पाळणाघरात रात्री कुत्रे ठेवण्यास मनाई आहे आणि घरगुती वसतिगृहात निरनिराळ्या घरांतील कुत्री एकत्र ठेवायची असल्यास मालकांची लेखी संमती लागते. भारतात असे मोजमाप दाखवणारी तारांकित पाटी नसल्याने पाहणीचे काम मालकालाच करावे लागते.

चावा व रेबीज

वसतिगृहातील कुत्रे माणसाला चावल्यास, कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी, जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये. लक्षणे दिसू लागल्यानंतर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वेळेत घेतलेली लस मात्र त्यापासून वाचवते. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते. मालकाचा परतीचा दिवस या मुदतीत आला, तर कुत्रे घरी नेण्यास हरकत नसते, परंतु चाव्याची माहिती त्याला दिली गेलीच पाहिजे. वसतिगृहातील कर्मचाऱ्यांनी आगाऊ प्रतिबंधक लस घेतलेली असावी.

घरी परतल्यावर

परत न्यायला आलेल्या मालकाने घाई न करता वसतिगृहातच कुत्र्याचे कान, बोटांच्या बेचक्या, पोट व गळ्याभोवतीची जागा पाहावी. वजनात किरकोळ घट, आवाज बसणे आणि एक-दोन दिवस गाढ झोप हे नेहमीचे आहे. भेटीच्या आनंदात कुत्रे एकदम खूप पाणी पिते व ओकते, म्हणून पाणी थोडे थोडे द्यावे आणि जेवण दोन-तीन तासांनी.

रोग लगेच दिसत नाहीत. पार्व्होची लक्षणे साधारणतः तीन ते सात दिवसांत, केनेल कफची दोन ते चौदा दिवसांत आणि गोचीडतापाची आठ ते वीस दिवसांत दिसतात. त्यामुळे तीन आठवडे खाणे, शौच व हिरड्यांचा रंग यांवर लक्ष ठेवावे. घरात दुसरे कुत्रे, विशेषतः पिल्लू असल्यास पहिले काही दिवस दोघांची भांडी वेगळी ठेवावीत. कोरडा, घोगरा खोकला सुरू झाल्यास पशुवैद्यकाबरोबरच वसतिगृहालाही कळवावे. तोवर त्याच पिंजऱ्यात दुसऱ्या कोणाचे कुत्रे आलेले असते.